पट्टीखालचा राखाडी

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर काकांचं वर्कशॉप होतं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले तराजू, सूक्ष्मदर्शक, प्रोजेक्टर दुरुस्त करायचे, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. चाळ पुनर्विकासाला निघाली, गाळा रिकामा करायची तारीख ठरली. गेल्या वर्षी दसरा होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा काकांचा फोन आला. "लेथ भंगारात द्यायला जीव होत नाही रे. तू नेतोस का?"

मी दुसऱ्या दिवशीच टेम्पो घेऊन गेलो.

तो लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं यंत्र, मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मायफोर्ड कंपनीचा एमएल ७. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बीस्टन नावाचं गाव आहे, तिथे हा कारखाना होता. १९४६ साली त्यांनी हे मॉडेल काढलं. सेंटरची, म्हणजे तुकडा ज्यावर तोलला जातो त्या टोकाची, उंची साडेतीन इंच, दोन सेंटरमध्ये अंतर २० इंच, आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे तुकडा फिरवणाऱ्या टोकाच्या, डोक्यावर थेंबथेंब तेल सोडणारे काचेचे दोन ऑइलर. उपकरणं दुरुस्त करणाऱ्याला, घड्याळवाल्याला, घरी छोटी इंजिनं बनवणाऱ्याला यापेक्षा मोठा लेथ लागत नाही. बीस्टनचा तो कारखाना २०११ मध्ये बंद झाला. काकांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हा लेथ हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतला होता.

भांडुपला एलबीएस मार्गावरच्या एका इस्टेटमध्ये मित्राच्या गाळ्यातला एक कोपरा माझ्याकडे आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार तिथे काम चालतं. यांत्रिक बाजू महिनाभरात मार्गी लागली. स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) व्हाइट मेटलच्या बेअरिंगा शाबूत निघाल्या, दोन बेल्ट बदलले, मोटारीची तार पुन्हा गुंडाळून घेतली. मला लिहायचं आहे ते पुढच्या चार महिन्यांबद्दल. ते सगळे रंगात गेले.

लेथ वरून गडद निळा होता, लोखंडी कपाटांना मारतात तसला. निळ्याचे पोपडे निघाले होते तिथे खाली हिरवा दिसत होता आणि हिरव्याखाली कुठेकुठे राखाडी. सरळ पेंट रिमूव्हर लावून सगळं उतरवायचं, असं मी ठरवलं होतं. काकांनी थांबवलं. "आधी बघ तरी, खाली काय काय आहे ते."

म्हणून टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा निवडली आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल गोल घासत गेलो. झाडाच्या खोडातली वर्तुळं दिसावीत तशी रंगांची वर्तुळं उघडी पडत गेली. बाहेरून आत निळा, त्याखाली आणखी एक जुना निळा, मग पिस्त्याच्या जवळ जाणारा हिरवा, मग राखाडी, त्याखाली फिकट पिवळट लांबी (खळगे भरायचा लगदा) आणि मध्यभागी बीड, म्हणजे ओतीव लोखंड. हे कोरडं घासू नये. जुन्या ऑइल पेंटात शिसं असतं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दशलक्षात ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या डब्यात काय होतं याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ओलं घासायचं, चिखल चिंधीने पुसून पिशवीत बांधायचा, तोंडाला मास्क लावायचा आणि घरी गेल्यावर आधी कपडे धुवायचे. माझी भाची गाळ्यात यायची, तिला ते दोन महिने मी येऊ दिलं नाही.

हेडस्टॉकच्या पुढच्या अंगाला, चकच्या, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या जबड्याच्या, जरा वर, घासताना निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये नारिंगी-लाल ठिपका लागला. हिरव्या आणि राखाडीच्या मध्येही, नेमका त्याच ठिकाणी. मला वाटलं रेड लेडचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, असेल. पण प्रायमर एवढ्याच जागी कशाला मारतील? काकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, आणि पहिला मिनिटभर त्यांना नीट बोलता येईना. दसऱ्याला आबा मशीनला शेंदूर लावायचे, तेलात कालवून. कुंकू कटिंग ऑइलने वाहून जातं, शेंदूर धरून राहतो, असं त्यांचं म्हणणं. आणि बोट लावायचे ते दर वर्षी तिथेच. रंग मारायची वेळ आली तरी तेवढी जागा घासायचे नाहीत, वरून हात मारायचे. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, रेड लेड प्रायमरमध्ये असतं तेच. म्हणजे पदार्थ मी बरोबर ओळखला होता.

त्या ठिपक्यानंतर रंगाचा प्रश्न अवघड झाला. तोवर माझ्या डोक्यात मूळ रंग म्हणजे कारखान्यातून निघाला तो, एवढं सोपं होतं. पण कारखान्याचा राखाडी या मशीनवर जेमतेम काही वर्षं दिसला असेल. त्यानंतर दोनेक दशकं ते हिरवं होतं. मी पाहिलं ते निळंच. यांतला मूळ कुठला?

हिरवा कुठून आला हे काकांना पक्कं आठवत होतं. वर्कशॉपच्या दाराला ऑइल पेंट आणला, डब्यात उरला, तो आबांनी लेथला मारला. तेच दार अजून जागेवर होतं. चाळ पाडायच्या आधी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. कडी-कोयंड्यामागे, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथे, अगदी तोच हिरवा. काकांनी पटाशीने दाराच्या फळीचा वीतभर तुकडा काढून माझ्या हातात दिला.

तरीही मी आधी राखाडीच्या मागे लागलो आणि तिथे पहिली चूक केली. टेलस्टॉकवर घासून उघडा केलेला राखाडी रॉकेलने पुसला, तो नमुना घेऊन गाड्यांचे रंग बनवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. त्यांनी मशीनवर शेड वाचली, डबा भरून दिला. बिडाच्या तुकड्यावर मारून पाहिला तर मातकट, खाकीकडे झुकलेला, जुनाट रंग. दुकानाचा काही दोष नव्हता. नमुना होता तसा रंग त्यांनी दिला. नमुनाच खोटा होता. कित्येक वर्षं तेल पिऊन आणि वरच्या रंगांखाली दबून तो राखाडी पिवळा पडला होता. मी पिवळेपणाची नक्कल करून आणली होती.

खरा रंग शोधायचा तर जिथे तेल आणि हात कधी पोचलेच नाहीत तिथे शोधायला हवा. गिअर कव्हरवर आट्यांच्या तक्त्याची पट्टी होती. किती आट्यांना कुठले गिअर लावायचे ते तिच्यावर कोरलेलं. तिचे स्क्रू गंजलेले. दोन दिवस तेलात ठेवून, पेचकसाला हातोडीची हलकी टिचकी देत देत सोडवले. पट्टीखाली हाताच्या तळव्याएवढा राखाडी निघाला. गुळगुळीत, एक ओरखडा नाही. पण तोही थोडा पिवळसर होता. मी निराश झालो.

मग रंगारी दादांनी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. हे दादा आमच्या इस्टेटच्या तोंडाशी गॅरेजमध्ये गाड्या रंगवतात. पोरवयात लालबागला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम शिकलेले. ते म्हणाले, "साहेब, ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. कपाटाच्या आतला पांढरा बघा, बाहेरच्यापेक्षा पिवळा असतो. उन्हात ठेवा, उतरेल." कव्हर सुटं होतंच. आठ दिवस खिडकीत ठेवलं. पिवळी झाक खरोखर उतरली आणि खालून थंड, किंचित हिरवट राखाडी वर आला. आठवडाभर मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की बूट काढायच्या आधी त्या खिडकीशी जात होतो.

आता तयार शेडकार्डं काढली. आपल्याकडे आयएस ५ हे रंगांचं मानक आहे, ब्रिटिश मानकाच्या वळणाचं. त्यातला ६३१ म्हणजे लाइट ग्रे, ६३२ म्हणजे डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे, २८३ म्हणजे एअरक्राफ्ट ग्रे ग्रीन. जर्मनीचं रॅल कार्ड १९२७ पासूनचं, तेही चाळलं. माझा राखाडी ६३१ आणि ६३२ च्या मध्ये कुठेतरी बसत होता, आणि २८३ ची आठवण करून देत होता. जसाच्या तसा कशातच नव्हता. तेव्हा तो घडवणं आलं.

दादांनी बसून माझ्यासमोर घडवला. मी समजत होतो पांढऱ्यात काळा घातला की राखाडी होतो. "तो आभाळाचा राखाडी. निळाच दिसणार," दादा म्हणाले. त्यांनी आधी पिवडीच्या जातीचा पिवळा घातला, काडीच्या टोकावर मावेल एवढा. निळेपणा मेला. मग हिरव्याचा एक थेंब. प्रत्येक पायरीला बिडाच्या तुकड्यावर पट्टा ओढायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत मत द्यायचं नाही, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांत एका छटेचा फरक पडतोच. त्या शनिवारी अकरा पट्टे झाले. मला सहावा पटला होता. दादांनी तो गाळ्याच्या दारात उजेडात नेला आणि तिथे तो चक्क जांभळट दिसला. आमच्या गाळ्यात पांढऱ्याशुभ्र एलईडी पट्ट्या आहेत. दोन रंग एका दिव्याखाली जुळे वाटतात आणि दुसऱ्याखाली सावत्र, हे मी कपड्यांच्या दुकानात अनुभवलं होतं, मशीनच्या बाबतीत डोक्यातच आलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक पट्टा तीन उजेडांत पाहिला: दारातला दिवसाचा, एलईडीचा, आणि लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून आणलेल्या पिवळ्या दिव्याचा, जो मी जॉबवर, म्हणजे लेथवर कापायच्या तुकड्यावर, लावणार होतो. नववा पट्टा तिन्हीकडे टिकला. तो पट्टीखालच्या रंगाशेजारी धरला तर मधली रेघ दिसेना.

रंगाइतकाच त्रास चकाकीने दिला. काकांना चकचकीत हवा होता. "नवा वाटला पाहिजे!" पण ओतीव बीड सपाट नसतं. कारखान्यात त्यावर जाड लांबी भरून, घासून मग रंग मारत. ती जुनी लांबी माझ्या हातात ढलप्यांनी निघून आली होती. मी नव्याने तीन थर भरले, घासले, आणि तरीही चकचकीत पट्ट्यावर प्रत्येक खळगा लाटेसारखा उठून दिसत होता. शिवाय चकचकीत हेडस्टॉकवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि मायक्रोमीटर डायल वाचताना ते नेमकं डोळ्यात येतं. अर्धवट चकाकीचा रंग घेतला. तो पुसला जातो आणि डोळ्याला टोचत नाही. काकांना नमुना दाखवला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला त्यांनी, आणि म्हणाले, "हं. असाच होता नवीन आला तेव्हा."

राखाडी मिळाला, पण हिरव्याचं काय, हे अजून ठरत नव्हतं. दाराचा तुकडा टेबलावर पडून होता. मी दोन्ही रंगांचे दोन मोठे पत्रे रंगवून जुन्या चकच्या मागे उभे केले, चकमध्ये लोखंडाचा चकचकीत गज धरला आणि आठवडाभर येता-जाता पाहत राहिलो. मशीनचा रंग जॉबच्या पाठीमागे उभा असतो, हे तेव्हा नीट कळलं. दुसऱ्या महायुद्धाआधीची मशीनं बहुतेक काळी किंवा गडद असत. काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत, पण कडाही दिसत नाहीत. १९४० च्या दशकात अमेरिकेत फेबर बिरेन या रंगसल्लागाराने ड्युपाँट कंपनीबरोबर कारखान्यातल्या रंगांचा विचार केला. त्यात मुख्य मुद्दा हाच होता की कामगाराची नजर जॉबवर टिकली पाहिजे, पार्श्वभूमीने ती ओढून घेता कामा नये. हिरव्यापुढे माझा गज छान दिसायचा, पण पितळ धरलं की डोळ्यांना ताण यायचा. राखाडीपुढे लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, तिन्ही स्वच्छ उठून येत होती. आणि मी मुख्यतः पितळेतच काम करतो. लेथ राखाडी.

उपाय शेवटी स्टँडने दाखवला. लेथबरोबर आलेला स्टँड मायफोर्डचा नव्हताच. आबांनी गिरगावातच अँगल कापून, वेल्डिंग करून तो बनवून घेतला होता. घासल्यावर दिसलं की त्याच्यावर राखाडी कधी लागलाच नव्हता. लोखंडावर पहिला रंग हिरवा. म्हणजे त्याचा मूळ रंग हिरवाच. बीस्टनला घडलं त्याला बीस्टनचा रंग, गिरगावात घडलं त्याला गिरगावच्या दाराचा. काकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते नुसतं "अरे वा" म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला.

एका ठिकाणी मात्र मी जुन्याशी जाणूनबुजून फारकत घेतली. गिअर कव्हर आतून राखाडी होतं. मी ते आतून भगभगीत नारिंगी केलं. फिरत्या भागांवरच्या कव्हरांच्या आतल्या बाजूला नारिंगी लावायची पद्धत सुरक्षेच्या रंगसंकेतांतून आली आहे. कव्हर उघडं राहिलं तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. मी बऱ्याचदा एकटा काम करतो आणि भाची आता पुन्हा यायला लागणार होती. तिची बोटं गिअरमध्ये जाण्यापेक्षा इतिहासात एक रंग चुकीचा लागलेला मला चालेल.

रंगाची जात निवडताना फार विचार करावा लागला नाही. साधा सिंथेटिक इनॅमल कटिंग ऑइल आणि रॉकेल यांत वर्षानुवर्षं भिजत राहिला की मऊ पडतो, निळ्याचे पोपडे त्यामुळेच निघाले होते. लेथला इपॉक्सी प्रायमरवर दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात जाणं चांगलं नाही, म्हणून स्प्रे दादांनी त्यांच्या बूथमध्ये, योग्य मास्क लावून केला. स्टँडला मात्र मी स्वतः ब्रशने सिंथेटिक इनॅमलच मारला. दाराला तोच होता आणि स्टँडवर तेल फारसं पोचत नाही. ब्रशच्या रेघा थोड्या राहिल्या आहेत. आबांच्या हातच्याही राहिल्या होत्या.

हे सगळं आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं. मुंबईत रंगाला तेवढेच दिवस खरे. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर रंगाला हात लावू नये, आणि उघडं बीड तर पावसाळ्यात रात्रीतून लालसर होतं. घासून झालं की त्याच दिवशी प्रायमर, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

आणि कुठे रंग लावायचा नाही, यालाही दोन संध्याकाळी गेल्या. बेडच्या सरकत्या पट्ट्या, सॅडलच्या खालचे भाग, डायल, ऑइलरच्या काचा, तेलाची भोकं. जुनी मशीनं रंगवलेली पाहतो तेव्हा निम्म्यांत तेलाच्या भोकात रंग गेलेला असतो, आणि मग बेअरिंग सुकी राहते. मी प्रत्येक भोकात कापलेली काडेपेटीची काडी ठोकली, पट्ट्यांना ग्रीस लावून वर टेप चिकटवला. शेंदराचा ठिपका होता तेवढी जागा घासताना सोडली होती. तिच्याभोवती लांबी भरून पातळी जुळवली, आणि प्रायमरचा हात तिच्यावरून गेला.

परवाच्या दसऱ्याला काका-काकू भांडुपला आले. झेंडूची माळ चकला नको, टूल पोस्टला बांधू, असं काकाच म्हणाले. सुरू करायचं म्हटलं तर काढायला नको. त्यांनी ऑइलरमध्ये तेल भरलं, थेंब पडायला लागेपर्यंत वाट पाहिली, मग बेल्ट हाताने एकदा फिरवला. शेंदूर आणला नव्हता, मीच नको म्हटलं होतं. कुंकू तेलात कालवून त्यांनी बोट पुढे केलं आणि क्षणभर थांबले. "कुठे होतं रे?" मी जागा दाखवली.

उरलेला राखाडी मी एका घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवला आहे, हार्डनर वेगळा. दादांनी घातलेल्या प्रत्येक रंगाचं माप लिहून वर चिकटवलं आहे. टेलस्टॉकला पाना लागून एक टवका आधीच उडाला.

गाळ्यात आता काकांचं पिलर ड्रिल येऊन पडलं आहे. तेही आबांच्या वेळचं, तेही निळं. रविवारी त्याच्या पट्टीचे चार स्क्रू तेलात भिजत ठेवले होते. काल सुटले. खाली काळा आहे, आणि त्या काळ्यावर एका कोपऱ्यात सोनेरी रेघेचा तुकडा.